नाव इन्फ्लुएन्सरचे, माल कोणाचा? कढई, सावजी मसाला आणि लिपस्टिक

निष्कर्ष आधीच सांगतो. इन्फ्लुएन्सरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालापैकी ट्रायप्लाय (तीन थरांच्या) स्टीलची आणि बिडाची भांडी तपासून खुशाल घ्यावीत. नॉनस्टिक कढई, निदान नागपुरी स्वयंपाकासाठी, घेऊ नये. मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लिपस्टिक, सीरम वगैरे एप्रिल ते जून ऑनलाइन मागवूच नये.

हा माल बाजारात कसा येतो ते कळले, की बाकीचे आपोआप कळते. ब्रँड लायसन्सिंग करणाऱ्या कंपनीकडे बहुतेकदा ना कारखाना असतो ना गोदाम. तिच्या हातात असते फक्त नाव. ते नाव ती एखाद्या उत्पादकाला ठरावीक वर्षांसाठी वापरायला देते आणि निव्वळ विक्रीवर रॉयल्टी घेते, साधारण ५ ते १२ टक्के. शिवाय ‘मिनिमम गॅरंटी’ असते, म्हणजे माल खपो न खपो, तेवढी रक्कम उत्पादकाने द्यायचीच.

न्यूयॉर्कची एक्सेल ब्रँड्स ही यातली जुनी खेळाडू. २०११ मध्ये आयझॅक मिझराही या फॅशन डिझायनरचे नाव घेऊन ती उभी राहिली आणि टीव्हीवरच्या शॉपिंग चॅनेलमधून वाढली. २०२२ मध्ये तिने मिझराही ब्रँडचा मोठा हिस्सा डब्ल्यूएचपी ग्लोबलला विकला. २०२३ मध्ये हॅल्स्टन हा ब्रँड जी-थ्री अपॅरलला २५ वर्षांच्या करारावर दिला. आता तिचा भर आहे तो स्वतःचा प्रेक्षक असलेल्या माणसांवर: कुत्र्यांना शिस्त लावणारा सीझर मिलन, मेक्सिकन स्वयंपाक दाखवणारी जेनी मार्टिनेझ. कारण सरळ आहे. डिझायनरचे नाव विकत घ्यायला भांडवल लागते आणि ते लोकांच्या तोंडी ठेवायला दरमहा जाहिरात लागते. इन्फ्लुएन्सर गिऱ्हाईक सोबत घेऊनच येतो.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. संजीव कपूर सहसंस्थापक असलेले वंडरशेफ २००९ चे, हृतिक रोशनचे एचआरएक्स २०१३ चे, विराट कोहलीचे रॉन २०१४ चे, नायका आणि कतरिना कैफ यांचे के ब्यूटी २०१९ चे. ही पडद्यावरची आणि मैदानावरची माणसे. आता तेच गणित रील करणाऱ्यांपर्यंत उतरले आहे. यात पाहायचे ते एकच: त्या माणसाची धंद्यात मालकी आहे, की त्याने फक्त नाव भाड्याने दिले आहे? भागीदार असलेल्या माणसाला कढईचा थर निघाला तर झळ बसते. तीन वर्षांच्या करारावर नाव दिलेला माणूस करार संपला की दुसऱ्या डब्यावर दिसतो.

हिशेबासाठी धरू, की डब्यावर एमआरपी २,४९९ रुपये आहे, विक्री १,४९९ ला होते आणि कर व ॲपचे कमिशन जाऊन उत्पादकाच्या हाती ९०० येतात. १० टक्क्यांनी ९० रुपये रॉयल्टीचे. जाहिरात, पॅकिंग, कुरिअर आणि परत आलेल्या मालाचे मिळून तीनशे गेले, तर धातू, मजुरी आणि नफा या सगळ्यासाठी ५१० उरतात. काटछाट होते ती इथेच, आणि ती सर्वात आधी पत्र्याच्या जाडीत होते.

म्हणून कढई हातात घ्या. २४ सेंटिमीटरची, अडीच मिलिमीटर जाडीची खरी ट्रायप्लाय कढई झाकण सोडून किलोभराच्या आसपास भरते. पाऊण किलोच्याही खाली असेल तर पत्रा पातळ आहे. ऑनलाइन घेताना ‘उत्पादनाचे वजन’ या ओळीत झाकण आणि खोकेही मोजलेले असते, तिकडे लक्ष द्या. व्यासही काठापासून काठापर्यंत दिलेला असतो. बुडाचा सपाट भाग किती ते विचारा, कारण इंडक्शनला तोच उपयोगी.

सर्वात मोठी गफलत ‘ट्रायप्लाय’ आणि ‘ट्रायप्लाय बॉटम’ या दोन शब्दांत होते. पहिल्यात स्टील, ॲल्युमिनियम, स्टील असे तिन्ही थर काठापर्यंत जातात. दुसऱ्यात फक्त बुडाला जाड चकती आणि बाजू साध्या एकपदरी स्टीलच्या. अशा कढईत कांदा-खोबऱ्याचे वाटण परतले की चकती जिथे संपते त्याच्या बरोबर वर काळे कडे जमते आणि जळका वास सगळ्या रश्शाला लागतो. ओळखायची कशी? काठ दुमडलेला नसेल तर नखाने चाचपा आणि उजेडात धरा, मधली ॲल्युमिनियमची फिकट रेघ दिसते. काठ दुमडलेला असेल तर बुडाजवळ बाहेरून पाहा: चकतीची पायरी दिसली की ते ‘बॉटम’.

नॉनस्टिकचे दुखणे वेगळे. बहुतेक कढया ॲल्युमिनियमच्या असतात आणि इंडक्शनवर चालाव्यात म्हणून बुडात भोकांची स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे पसरत नाहीत. रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवली किंवा तापलेली तशीच नळाखाली धरली, की बूड फुगते. दुकानातच कढई पालथी घालून बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरा. मध्ये केसभर खोलगट असेल तर चालते, तापल्यावर ते सपाट होते. मध्ये उंचवटा असेल तर ती कढई ओट्यावर डुलणार आणि तेल कडेला पळणार.

आता सावजीचा, म्हणजे नागपूरच्या झणझणीत मसालेदार रश्श्याचा, प्रश्न. नॉनस्टिकचा पीटीएफई (टेफ्लॉन) थर २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो. तर्री वर येईपर्यंत मोठ्या आचेवर वाटण परतायची आपली पद्धत आणि स्टीलचे उलथणे, दोन्ही त्याला सोसत नाहीत. डब्यावरच्या ‘पीएफओए-फ्री’ला भुलू नका. पीएफओए हे थर बनवताना वापरले जाणारे रसायन होते. ते नसल्याने थराची उष्णता सोसायची ताकद वाढत नाही.

प्रेशर कुकर असेल तर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आयएस २३४७ हा मानक क्रमांक आणि खालचा सीएम/एल क्रमांक बघा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे ते दिसते. बहुतेकदा डब्यावरच्या चेहऱ्याशी त्या नावाचा काही संबंध नसतो. ते नाव घेऊन नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत विचारा. त्याच कारखान्याचा माल साध्या ब्रँडने कमी दरात मिळण्याची शक्यता चांगली असते. आणि घरात भंडाऱ्याचा कल्हई केलेला पितळी गंज (पातेले) असेल तर सावजी रश्श्यासाठी कुठलाही नवा डबा घ्यायची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कल्हई वेळेवर करून घ्या म्हणजे झाले.

मसाल्यात नावाचा मोह जास्त, कारण ‘घरची कृती’ म्हणून तो विकला जातो. घरची कृती कंत्राटी कारखान्यात जशीच्या तशी उतरत नाही. खसखस महाग, म्हणून कमी होते. सुके खोबरे आणि खसखस या दोन्हींत तेल असते, नागपूरच्या उन्हाळ्यात ते लवकर खवट होते, म्हणून वर्षभर टिकणाऱ्या पाकिटात ते नावापुरतेच असतात. धने, मिरची आणि मीठ मात्र वाढते. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. धने पहिले असतील तर हरकत नाही. मीठ पहिल्या तिनांत असेल तर पाकीट ठेवून द्या. दगडफूल, मोठी वेलची, काळी मिरी, लवंग यांची नावे स्वतंत्र हवीत. नुसते ‘मिश्र मसाले’ लिहिले असेल तर काय खातो आहोत ते कळायचे नाही. भिवापुरी मिरचीचा उल्लेख समोर मोठ्या अक्षरांत असेल तर तो मागे घटकांतही आहे का ते जुळवा.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांकही बोलका असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उद्योगाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५. केंद्रीय परवान्याला तिथे ०० असते. ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ असे दोन वेगळे पत्ते असतील तर माल कुठे बनला हे उत्पादकाचा पत्ता सांगतो.

घरी परीक्षा सोपी. मंद आचेवर दोन चमचे तेलात अर्धा चमचा मसाला घाला. तेल लगेच भडक लाल झाले आणि वास फक्त मिरचीचा आला, तर ते तिखट आहे, सावजी मसाला नव्हे. चांगल्या मसाल्यात दगडफुलाचा मातकट वास आधी येतो आणि रंग काळपट तपकिरी राहतो. असे पाकीट मिळाले तरी अर्धा किलो मटणाला दोन मोठे चमचे मसाल्यासोबत एक चमचा भाजलेली खसखस आणि तीन चमचे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे ताजे वाटण घाला. उघडलेले पाकीट काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये.

लिपस्टिकबद्दल थोडक्यात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि पार्सल दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीत तापते. मेणातले तेल सुटून कांडीवर थेंब येतात, क्रीम फुटते, व्हिटॅमिन सीचे सीरम पिवळट-तपकिरी होते. उन्हाळ्यात घ्यायचेच असेल तर धरमपेठ किंवा सदरच्या एसी दुकानातून घ्या आणि उत्पादन परवाना क्रमांक, बॅच व वापरण्याची मुदत पाहा.

रीलमध्ये ‘मी रोज हेच वापरते’ असे कोणी म्हणत असेल आणि विक्रीवर रॉयल्टी घेत असेल, तर तो आर्थिक संबंध उघड सांगणे बंधनकारक आहे. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआयची नियमावली २०२१ ची, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २०२३ च्या. ‘पेड पार्टनरशिप’ची पट्टी नसलेली रील स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा, तक्रारीत कामी येते.

तक्रारीत हमखास होणारा प्रकार म्हणजे टोलवाटोलवी: इन्फ्लुएन्सर ब्रँडकडे बोट दाखवतो, ब्रँड उत्पादकाकडे, उत्पादक ॲपकडे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा इथे उपयोगी पडतो. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचे चिन्ह लावणाराही या कायद्यात उत्पादकच धरला जातो, म्हणून सदोष मालाने नुकसान झाले तर नोटिशीत ब्रँडमालक आणि प्रत्यक्ष उत्पादक दोघांचीही नावे घाला. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करून क्रमांक घ्या. तोडगा निघाला नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे जा. कंपनी मुंबईची असो वा गुरुग्रामची, तक्रारदार नागपूरला राहत असेल तर दावा नागपुरात लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल, खोक्याची मागची बाजू आणि खोके उघडतानाचा व्हिडिओ एवढे जपून ठेवा.

सत्तर टक्के सूट दिसली तर आधी वॉरंटी कोण देतो ते वाचा. करार संपल्यावर उरलेला माल खपवायला उत्पादकाला काही महिने मिळतात आणि तेव्हा अशी सूट निघते. वॉरंटी कार्डावर कारखान्याचे नाव, पत्ता आणि फोन असेल तर स्टीलची कढई त्या भावात जरूर घ्या, ती वर्षानुवर्षे चालते. कार्डावर फक्त ब्रँडचा ईमेल असेल आणि वस्तू मिक्सरसारखी मोटरची असेल तर घेऊ नका, कारण सहा महिन्यांनी सुटा भाग मागायला दार उरत नाही.