पाथ्स ऑफ ग्लोरी: काही महिने खेळल्यावर अमेरिकेच्या उशिराबद्दल जे कळलं ते

पहिल्या महायुद्धाचा शेवट शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात उरकलेला असतो. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि दोस्त राष्ट्रांचं पारडं जड झालं. पण अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं 6 एप्रिल 1917 ला आणि तोफा थंडावल्या 11 नोव्हेंबर 1918 ला. मधल्या दीड वर्षाहून जास्त काळात रणांगणावर नेमकं काय होत होतं, हे वाचूनही माझ्या नीट डोक्यात बसत नव्हतं. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ हा पटावरचा खेळ काही महिने भाच्याबरोबर खेळल्यावर ते बसलं. या खेळाबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खेळाविषयी थोडक्यात. टेड रेसर यांनी रचलेला हा खेळ 1999 मध्ये आला. खेळाडू दोनच. एकाकडे दोस्त राष्ट्रं, दुसऱ्याकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि नंतर येणारे तुर्क व बल्गेरिया. पट इंग्लंडपासून कॉकेशस आणि मेसोपोटेमियापर्यंत पसरलेला. त्यावर चौकटी नाहीत, शहरं आणि ठाणी रेषांनी जोडलेली आहेत. मोठ्या सोंगट्या म्हणजे आर्मी, लहान म्हणजे कोअर. सोंगटीने मार खाल्ला की ती उलटते आणि मागची अशक्त बाजू वर येते. डाव ऑगस्ट 1914 ला सुरू होतो आणि पूर्ण खेळला तर वीस फेऱ्यांचा असतो.

खेळाचा जीव आहे पत्त्यांत. प्रत्येकाकडे 55 पत्ते, तीन टप्प्यांत वाटलेले. एक पत्ता चार कामांना येतो: सैन्य हलवून हल्ला करायला, तुकड्या रेल्वेने दूरवर न्यायला, झालेलं नुकसान भरून काढायला, किंवा त्यावर छापलेली घटना घडवायला. चारपैकी एकच काम निवडायचं. मग पॅरिसच्या तोंडावर जर्मन आलेले असताना तुमच्या हातात असा पत्ता येतो, जो घटना म्हणून टाकला तर दोन वर्षांनी उपयोगी पडेल आणि चाल म्हणून टाकला तर आज पॅरिस वाचवेल. हा पेच दर फेरीला पुन्हा समोर उभा राहतो आणि दर वेळी तितकाच छळतो.

आता अमेरिका. ती पटावर सहज येत नाही. दोन्ही बाजूंनी घटना घडवत युद्ध जसजसं पेटवलं, तसा एक आकडा चढत जातो. दोघांचा मिळून तो पुरेसा वर गेल्याशिवाय झिमरमनच्या तारेचा (जर्मन परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोला पाठवलेल्या, अमेरिकेला युद्धाकडे ढकलणाऱ्या गुप्त तारेचा) पत्ता घटना म्हणून खेळताच येत नाही. तो खेळला तरी एकही अमेरिकन सैनिक येत नाही. त्यानंतर सैन्य समुद्रापार आणायची वाट उघडणारा वेगळा पत्ता लागतो आणि प्रत्यक्ष तुकड्यांचे पत्ते त्याच्याही नंतर. प्रत्येक वेळी तो पत्ता चाल म्हणून वापरायची संधी सोडावी लागते. पहिल्या काही डावांत भाचा मला हसत म्हणायचा, “मावशी, तू अमेरिकेची वाट बघत बसलीस की मी व्हेर्दँ घेतो.” (व्हेर्दँ म्हणजे फ्रान्सच्या आघाडीवरचं किल्ल्याचं शहर.) आणि घ्यायचाही. आमच्या कित्येक डावांत अमेरिका पटावर आलीच नाही. ज्या डावांत आली, त्यातल्या काहींमध्ये ती आली तेव्हा वाचवायला फारसं काही उरलं नव्हतं.

याच टप्प्यांची खऱ्या इतिहासाशी तुलना केली की खेळाची किंमत कळते. एप्रिल 1917 मध्ये अमेरिकेचं नियमित सैन्य जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास होतं. सक्तीच्या भरतीचा कायदा मे महिन्यात झाला. अमेरिकन फौजेचे सेनापती जनरल पर्शिंग जूनमध्ये फ्रान्सला पोचले, 4 जुलैला पॅरिसच्या रस्त्यांवर अमेरिकन पलटणीचं संचलन झालं, लोकांनी फुलं उधळली. पण खंदकांतल्या लढाईत पहिले अमेरिकन सैनिक मेले ते नोव्हेंबर 1917 मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेमँ दे दाम इथला फ्रेंचांचा हल्ला फसून त्यांच्या डिव्हिजनमागून डिव्हिजनमध्ये बंडाळी झाली होती. फ्रेंचांचे नवे सेनापती पेतां यांनी तेव्हा मोठे हल्ले थांबवून अमेरिकनांची आणि रणगाड्यांची वाट बघायचं धोरण धरलं. नवा मित्र आला, आणि त्याचा पहिला परिणाम असा झाला की जुन्या मित्राने लढणं कमी केलं. पटावर दोस्तांची बाजू घेऊन बसलं की हे फार लवकर कळतं. मदत येणार हे ठरलं, की आपली सोंगटी आज जिवावर उदार करावीशी वाटत नाही.

पण मला या खेळाने शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट जर्मनीच्या बाजूने बसल्यावर कळली. उशिरा येणाऱ्या राष्ट्राचा खरा धक्का शत्रूच्या वेळापत्रकाला बसतो, आणि तो सैन्य पोचायच्या आधीच बसतो. जर्मन नेतृत्वाने जानेवारी 1917 मध्ये बेबंद पाणबुडी युद्धाचा, म्हणजे इशारा न देता दिसेल ते जहाज बुडवण्याचा, निर्णय घेतला, तेव्हा अमेरिका युद्धात येईल हे त्यांना दिसत होतं. हिशोब असा होता की सहाएक महिन्यांत ब्रिटनची उपासमार होईल आणि अमेरिकन फौजा पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. नौदलमंत्री कापेले यांनी तर अमेरिकेच्या मदतीचं लष्करी मोल शून्य धरलं. हा हिशोब अगदी वेडेपणाचा नव्हता. एप्रिल 1917 मध्ये दोस्तांची आणि तटस्थांची मिळून साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली. तो फसला कारण जहाजं ताफ्याने, विनाशिकांच्या संरक्षणात जायला लागली. सहा अमेरिकन विनाशिका 4 मे 1917 ला आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात दाखलही झाल्या होत्या. अमेरिकेची पहिली खरी मदत ही, पायदळाच्या कितीतरी आधी आलेली.

मग 1918. रशिया युद्धाबाहेर गेला, 3 मार्चला ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह झाला, आणि चाळीसहून अधिक जर्मन डिव्हिजन पूर्वेकडून पश्चिमेकडे आल्या. फ्रान्समध्ये तेव्हा अमेरिकन तीन लाखांच्या आसपास होते, त्यातले लढाईला तयार थोडेच. जर्मन सेनापती लुडेनडॉर्फपुढे उन्हाळ्यापर्यंतची मुदत होती. 21 मार्चला सुरू झालेला तो अवाढव्य हल्ला त्या मुदतीचा परिणाम आहे. अमेरिका येणारच नसती, तर जर्मनीला बचावात बसून तडजोडीची वाट बघता आली असती. बंदरात उतरणाऱ्या फौजेने त्यांना खंदकाबाहेर काढलं. जमीन मिळाली, पण निवडक, कसलेली माणसं लाखांच्या घरात गेली आणि मिळालेली जमीन सांभाळायला फौज उरली नाही.

आमच्या एका डावात हेच घडलं. मी जर्मनी होते, रशिया कोसळला होता, भाच्याने झिमरमनचा पत्ता टाकला होता. पटावर अजून एकही अमेरिकन सोंगटी नव्हती, तरी माझं खेळणं त्या क्षणापासून बदललं. खंदक सोडून मी फ्रान्सचं कॅले बंदर गाठायला निघाले. भाच्याने मागे सरकत सरकत मला पुढे येऊ दिलं आणि माझी पुढची आर्मी रसद तुटून कायमची गेली. रसद तुटून गेलेली आर्मी परत मिळत नाही, हा नियम इथला सगळ्यात निष्ठुर नियम आहे. मला तो पटतो.

आता खेळ जे दाखवत नाही त्याबद्दल, कारण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकन सोंगट्या पटावर येतात त्या ताज्यातवान्या आणि दणकट. प्रत्यक्षात त्यांची एक डिव्हिजन सुमारे 28 हजारांची, युरोपातल्या डिव्हिजनच्या जवळजवळ दुप्पट, पण तोफा बहुतांश फ्रेंच, रणगाडे फ्रेंच आणि ब्रिटिश, विमानंही बरीचशी फ्रेंच. जवळजवळ निम्मे सैनिक ब्रिटिश जहाजांतून आले. जे राष्ट्र उशिरा येतं ते माणसं घेऊन येतं, आणि त्यांच्या हातात द्यायची हत्यारं दमलेल्या मित्रांच्या कारखान्यांतून निघतात. हे नातं खेळात कुठेच नाही. पैसाही नाही. ब्रिटनची डॉलरची गंगाजळी 1916 च्या अखेरीस आटत आली होती आणि अमेरिकन सरकारची कर्जं एप्रिल 1917 नंतर सुरू झाली. ती मिळाली नसती तर फ्रान्समधल्या तोफांना दारूगोळा कुठून आला असता? एवढी मोठी गोष्ट पटावर गैरहजर आहे. समुद्रावरचं युद्ध काही पत्त्यांत उरकलंय. नाकेबंदीचा पत्ता मात्र उत्तम जमलाय. तो एकदा पडला की दर हिवाळ्याला जर्मनीच्या बाजूचा एक गुण झिजतो.

पर्शिंग यांचा हट्टही पटावर नाही. ब्रिटिश आणि फ्रेंच म्हणत होते, तुमची माणसं आमच्या तुकड्यांत भरा, आम्ही त्यांना लढायला शिकवू. पर्शिंग यांना वेगळं अमेरिकन सैन्य हवं होतं. संकटाच्या वेळी त्यांनी डिव्हिजन उसन्या दिल्या, पण स्वतंत्र सैन्याचा आग्रह सोडला नाही. (93 व्या डिव्हिजनच्या कृष्णवर्णीय रेजिमेंट मात्र त्यांनी फ्रेंचांच्या हवाली केल्या, आणि त्या तिथे फार चांगल्या लढल्या.) या हट्टाची किंमत ईशान्य फ्रान्समधल्या म्यूज-आर्गोनमध्ये दिसली. 26 सप्टेंबर 1918 पासून युद्ध संपेपर्यंत चाललेल्या त्या एका मोहिमेत बारा लाख अमेरिकन उतरले आणि 26 हजारांवर मेले. रस्ते तुंबले, रसद अडली, आणि जे धडे फ्रेंचांनी 1914-15 मध्ये रक्त सांडून शिकले होते ते यांनी पुन्हा तसेच शिकले. माझ्या मते उशिरा येण्याचा हा सगळ्यात दुःखद भाग आहे. अनुभव उसना मिळत नाही.

तरीही त्यांची संख्या निर्णायक ठरली हे मी मान्य करते. जुलै 1918 या एका महिन्यात तीन लाखांहून जास्त अमेरिकन उतरले, नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये वीस लाखांच्या आसपास होते. जर्मन सेनापतींना 1919 साल कसं दिसेल हे कळायला एवढे आकडे पुरे होते.

आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे पटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे माझं लक्ष सारखं जातं. बसरा ते बगदाद ही ओळ बहुतेक खेळाडूंना दुय्यम वाटते. पण सहावी पूना डिव्हिजन 1914 मध्येच तिथे उतरली होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि बगदादच्या वाटेवरच्या कुत गावात तुर्कांनी घातलेल्या वेढ्यानंतर एप्रिल 1916 मध्ये ती शरण गेली. म्हणजे अमेरिका युद्धात येण्याच्या वर्षभर आधी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले 46 जवान या महायुद्धात कामी आले. आपल्याकडच्या माणसांना उशिरा यायचा पर्याय नव्हता. खेळात मेसोपोटेमियाकडे पत्ते खर्च करणं परवडत नाही हे मला कळतं, तरी मी तिथली सोंगटी वाऱ्यावर सोडत नाही. भाचा यावरून चिडवतो, चिडवू दे.

घ्यायचा विचार असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. पूर्ण डाव एका बैठकीत होत नाही. आम्ही जेवणाचं जुनं टेबल त्यासाठी अडवून ठेवलंय. नियमपुस्तिका इंग्रजीत आणि दाट आहे, पहिल्या वाचनात रसदीचे आणि वेढ्याचे नियम डोक्यावरून जातात. सोंगट्या लहान आहेत आणि एका ठाण्यावर तीन रचल्या की खालची दिसत नाही, त्यामुळे चिमटा जवळ असू द्या. लहान मुलांसाठी हा खेळ नाही. एकट्याने दोन्ही बाजू खेळून बघता येतात, पण पत्ते लपवण्यातली गंमत जाते. आधी 1914-15 पुरता छोटा डाव दोन-तीनदा खेळा. पहिल्या डावात जर्मनीची बाजू अनुभवी खेळाडूला द्या, कारण सुरुवातीला पुढाकार तिच्याकडे असतो आणि नवख्याच्या हातून तो वाया जातो.

दोस्तांकडून खेळणार असाल तर एक सांगते. अमेरिकेचे पत्ते हातात आले की ते जपून ठेवायचा मोह होतो. युद्धाचा आकडा लवकर चढवायचा असेल तर सुरुवातीपासून घटना खेळायला लागतात, आणि त्या फेऱ्यांत फ्रान्सची आघाडी पातळ होते. किती पातळ होऊ द्यायची, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. माझ्या मते सेदाँ गेलं तरी चालेल, व्हेर्दँ जाता कामा नये.