390 ड्यूक का स्पीड 400? ठाण्यात राहून घ्यायची असेल तर

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने चारशे सीसीची गाडी घ्यावी का, हा विषय आमच्या घरी पुरेसा चघळून झालाय, तो इथे नको. घ्यायचीच आहे, नेकेड (म्हणजे पुढे-बाजूला प्लास्टिकचं आवरण नसलेली) पाहिजे, जरा चपळ पाहिजे आणि बजेट तीन-साडेतीनच्या पुढे जात नाही असं असेल, तर फिरून फिरून गाडं दोन नावांवर येऊन अडकतं, केटीएम 390 ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड 400. टीव्हीएसची अपाचे आरटीआर 310 पण बघून आलो, गाडी खरंच चांगली आहे, 312 सीसीची असल्यामुळे सप्टेंबर 2025 पासून तिला जीएसटी 18 टक्के आणि साडेतीनशे सीसीच्या वरच्यांना 40, म्हणजे पैशाचा हिशोब करणाऱ्याने ती आधी बघावी. मला ती मनात भरली नाही, एवढंच.

या दोघींची गंमत अशी की दोन्ही पुण्याजवळ चाकणला बजाजच्याच कारखान्यात बनतात. दोन्हीला एकच सिलिंडर, दोघींचा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) 89 बाय 64 मिमी, गिअर सहा-सहा, टायरची साइज सेम, पुढे 110 मागे 150. कागद शेजारी शेजारी ठेवले तर वाटतं स्टिकर बदलून विकतायत की काय. पण इंजिनं वेगळी आहेत, ट्रायम्फचं त्यांनी स्वतः डिझाइन केलंय, आणि चालवल्यावर पहिल्या सिग्नलपर्यंतच कळतं की यांचं घराणंच वेगळं आहे.

माझ्या मेहुण्याकडे स्पीड 400 आहे, तो नेरूळला राहतो, त्यामुळे मला शोरूमच्या टेस्ट राइडवर विसंबावं लागलं नाही. शोरूमवाले काय करतात, सर्व्हिस रोडवरून पुढच्या यू टर्नपर्यंत नेऊन परत आणतात, त्यात गाडीचा हॉर्न कसा वाजतो यापलीकडे काही समजत नाही.

आता शहरातलं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. स्पीड 400 शहरात ऐकते. 37.5 न्यूटन मीटरचा टॉर्क (गाडीची ओढ) आहे आणि तो खालूनच मिळायला लागतो, तिसऱ्यात टाकून ठेवा, माजिवड्यापासून मानपाड्यापर्यंत रिक्षा, टीएमटी, कंटेनर, मेट्रोचे बॅरिकेड, सगळ्यातून ती कुरकुर न करता रांगत जाते. क्लच हलका. ड्यूकमध्ये टॉर्क 39 आहे, जास्तच आहे, पण कमी आरपीएमला ती चेन खडखडवून सांगते की बाबा गिअर खाली टाक. जुन्या 373 सीसीवाल्यापेक्षा ही नवीन पिढी खूप सुधारलीये, 2013 ला जी पहिली आली होती ती ज्यांनी ट्रॅफिकमध्ये चालवलीये त्यांना ही मऊ वाटेल. तरी स्पीडइतकी समजूतदार नाही. आणि गरम हवा दोन्हीची पायाला लागते, एप्रिल-मे मध्ये कापूरबावडीला अडकलात की ड्यूकचा फॅन सुरू होतो आणि जीन्सच्या आत उकाड्याचं वेगळं हवामान तयार होतं.

स्पीडची एक गोष्ट मात्र इथे नडते, तिचे आरसे. हँडलच्या टोकाला लावलेत, दिसतात एक नंबर, पण रिक्षा आणि बसच्या मधल्या फटीत घुसताना गाडी जेवढी रुंद वाटते तेवढीच रुंद असते, नेहमीच्या आरशांसारखं वरून निघून जात नाही. मेहुण्याने ते आत वळवायची सवय लावून घेतलीये, मग मागचं दिसत नाही. ठीक आहे.

तर शहर म्हटलं की स्पीड 400 जिंकते, यात वाद नाही, आणि बहुतेक लोक इथेच थांबून स्पीड बुक करतात. माझं म्हणणं इथून पुढे आहे. तुम्ही ऑफिसला ही गाडी नेणार आहात का, खरं सांगा? माझं ऑफिस ऐरोलीला. सकाळी नऊला कोपरीवरून मुलुंड धरून ऐरोली पूल, किंवा कळव्यातून विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून, जिथे जुलैत गुडघाभर पाणी साचतं. त्या रस्त्याला अडीच-तीन लाखाची गाडी नेणारा माणूस मी नाही, घरात स्कूटर आहे, डिकीत डबा मावतो, रेनकोट मावतो, पडली तर जीव तुटत नाही. आमच्या सोसायटीत मोठी बाइक असलेल्या जवळजवळ सगळ्यांकडे बाजूला एक स्कूटर उभी आहेच. मग शहरातल्या ट्रॅफिकसाठी बाइक निवडायची आणि ट्रॅफिकमध्ये न्यायची स्कूटर, याला काय अर्थ आहे? ज्याच्याकडे एकच गाडी असणार आहे आणि तीच रोज बेलापूरपर्यंत पळणार आहे त्याने पुढचं वाचायची गरज नाही, स्पीड 400 घ्या, सुखी राहाल.

ज्यांची गाडी रविवारी पहाटे निघणार आहे त्यांच्यासाठी आता. आपल्याकडच्या बाइकवाल्याचं दुखणं असं की चांगले रस्ते आपल्याला बंद आहेत. अटल सेतूवर टू व्हीलर नाही, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही, समृद्धीवर नाही. टोल वाचतो तेवढाच आनंद. म्हणजे आपल्या वाट्याला येतो तो पनवेलवरून शेडुंग, चौक, खोपोली असा जुना हायवे आणि शिंग्रोबाच्या देवळाजवळून वर चढणारा घाट, नाहीतर कल्याण-मुरबाड धरून माळशेज, नाहीतर कसारा. दोन लेन, मध्येच गाव, मध्येच स्पीड ब्रेकर, ट्रक, आणि वळणं. सरळ एकशे वीसने ताणत बसायचा रस्ता आपल्याला मिळतच नाही. मिळतात वळणं आणि ओव्हरटेक, आणि या दोन गोष्टींत ड्यूक फार पुढे आहे.

खोपोलीच्या पुढे मी आणि मेहुणा, माझी ड्यूक आणि त्याची स्पीड, गाड्या बदलून चालवतो. ड्यूक 168 किलोची, स्पीड 176, आठ किलो म्हणजे पाण्याचा अर्धा कॅन, पण फरक वजनापेक्षा बसण्याचा आहे. ड्यूकवर तुम्ही हँडलच्या जवळ, थोडे पुढे झुकून, आणि गाडी विचार केला की वळते. स्पीडवर बसणं जास्त मोकळं आहे, ती वळते छानच, फक्त तिला आधी सांगावं लागतं. ट्रक ओव्हरटेक करताना ताकदीत ड्यूकचे 46 पीएस आणि स्पीडचे 40 यातला फरक कागदावर सहाचा दिसतो, हातात तो जास्त वाटतो, कारण ड्यूक पाच-सहा हजार आरपीएमच्या पुढे जी काय सुटते, स्पीड त्या जागी दमायला लागलेली असते आणि फूटपेगमधून झिणझिण्या यायला लागतात. त्यात ड्यूकला क्विकशिफ्टर, वर-खाली दोन्ही, घाटात क्लच न दाबता गिअर खाली पडत जातात तेव्हा माणूस उगाच हेल्मेटमध्ये हसतो. मेहुणा एकदा वरती टपरीवर उतरून म्हणाला, दाजी, तुमची गाडी चांगली आहे पण ती मला सारखी चिथावते. बरोबर आहे त्याचं. शांत माणसाला ती शांत राहू देत नाही.

ब्रेकचं पण सांगतो. ड्यूकला पुढे 320 ची डिस्क, स्पीडला 300. चावा दोन्हीला आहे. पण ड्यूकला कॉर्नरिंग एबीएस (गाडी वळणात वाकलेली असतानाही ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊ न देणारा) आणि रेन मोड आहे, आणि हे मी ब्रोशरमधली शोभा समजत नाही, कारण माळशेजला लोक जातात कधी, तर पावसातच. वळणात धुकं, समोर रस्त्यावर थांबून फोटो काढणारी मंडळी, डांबरावर शेवाळ, तिथे वाकलेल्या गाडीचा ब्रेक लागला तर काय होईल हा प्रश्न डोक्यात असतोच. स्पीडला साधा, दोन्ही चाकांचा ड्युअल चॅनल एबीएस आणि मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, राइड मोड नाहीत. चालतं त्याने, वर्षानुवर्षं लोकांनी काहीच नसलेल्या गाड्या चालवल्यात. तरी मिळत असेल तर का सोडा. ड्यूकच्या लाँच कंट्रोलवर (उभ्या गाडीला झटक्यात सुसाट सोडणारी सोय) मात्र मी काही बोलणार नाही, पातलीपाड्याच्या सिग्नलवरून लाँच होऊन कुठे जायचं?

सस्पेन्शन. हे खड्डेवाल्या लोकांनी नीट वाचा. स्पीडचं पुढचं सस्पेन्शन आहे तसं आहे, काही फिरवता येत नाही, पण कंपनीने जे बसवलंय ते आपल्या रस्त्याला बऱ्यापैकी जमलंय, गायमुखच्या खड्ड्यांत ती कमरेला सांभाळते. ड्यूक मुळात कडक. पण तिच्या फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांच्या) टोकाला नॉब आहेत, कम्प्रेशन (दबणं) एका बाजूला, रिबाउंड (परत वर येणं) दुसऱ्या, हाताने फिरतात, पाना लागत नाही. पावसाळ्यात पूर्ण मऊ करून ठेवायचं. बऱ्याच ड्यूकवाल्यांना मी बघितलंय की ते नॉब शोरूममधून आल्यापासून हललेलेच नसतात आणि वर गाडी दगडासारखी आहे म्हणून ओरडतात. ड्यूकचा ग्राउंड क्लिअरन्स 183 मिमी आहे, सोसायटीवाल्यांनी हौसेने बांधलेले स्पीड ब्रेकरचे डोंगर ती आरामात ओलांडते.

दिसण्यात मी स्पीडला झुकतं माप देईन, आणि फिनिशिंगमध्ये तर नक्कीच. गोल हेडलाइट, रंगाची चमक, वायरी लपवलेल्या, इंजिनच्या झाकणापर्यंत सगळं नीट. वॉचमनकाकासुद्धा विचारतात कितीची गाडी. ड्यूकची टाकी आणि हेडलाइट बघून आमच्या आईने विचारलं होतं, याचं पुढचं तोंड असंच असतं का. पण ड्यूकचा पाच इंची टीएफटी (रंगीत स्क्रीन) बघितल्यावर स्पीडचा काट्याचा मीटर आणि बाजूची एवढीशी एलसीडी जुनी वाटते, काहींना तेच आवडतं म्हणा.

पेट्रोलची टाकी ड्यूकची 15 लिटर, स्पीडची 13. ॲव्हरेज दोन्हीचं तिशीच्या आतबाहेर, हात कसा आहे त्यावर. सर्व्हिसला ट्रायम्फचा 16,000 किलोमीटरचा अंतराल आहे, हे फार मोठं सुख आहे, फक्त वर्षातून एकदा न्यावीच लागते, किलोमीटर होवोत न होवोत. केटीएमचं लोक विचारतात की ऑस्ट्रियात कंपनी बुडाली ना. नोव्हेंबर 2024 ला त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला होता हे खरं, पण पुढच्या वर्षी बजाजनेच 80 कोटी युरोचा भार उचलून ती ताब्यात घेतली, आणि आपली गाडी तर चाकणला बनते, पार्टसाठी रडायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

पैसे. 2023 ला दोन्ही आल्या तेव्हा एक्स शोरूम स्पीड 2.33 लाख आणि ड्यूक 3.10 च्या आसपास. भाव तेव्हापासून वरखाली झालेत, शोरूममधून ताजा कोटेशन घ्या, वर आपला रोड टॅक्स आणि इन्शुरन्स. फरक तरी पन्नास हजाराच्या आसपास धरून चाला. आणि इथे एक अट आहे माझी. तुमच्याकडे चांगलं हेल्मेट, आर्मरवालं जॅकेट, ग्लोव्हज आणि घोट्याच्या वरचे बूट नसतील, तर ड्यूक तुमच्या बजेटमध्ये नाहीये, मग भले लोन मंजूर झालेलं असो. स्पीड घ्या आणि उरलेल्या पैशात हे सगळं घ्या. माझ्याकडे जुन्या गाडीपासूनचं सामान होतं, म्हणून मी ड्यूक घेतली, स्कूटरही ठेवली.

बायकोचं मत वेगळं आहे. ड्यूकची मागची सीट म्हणजे उंचावर ठेवलेला पाट, खोपोलीपर्यंतसुद्धा ती बसायला तयार नसते, मेहुण्याच्या गाडीवर मात्र लोणावळ्यापर्यंत मजेत बसून गेली. त्यामुळे घरी दोघांनी फिरायचं ठरलं असेल तर शोरूमला एकटे जाऊ नका, मागे बसणारीला घेऊन जा, आणि तिला सर्व्हिस रोडवरच्या दोन-चार स्पीड ब्रेकरवरून नेऊन आणा, मगच टोकन द्या.