फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर: भरवसा कुठे ठेवायचा आणि कुठे नाही

ॲबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, १४ दिवस ठेवायचा आणि मोबाइल जवळ नेऊन साखर बघायची. एका सेन्सरला पाच हजारांच्या आसपास मोजावे लागतात. म्हणजे दिवसाला साडेतीनशे रुपये. एवढा खर्च केल्यावर आकडा ग्लुकोमीटरशी जुळला नाही किंवा सेन्सर आठवड्याच्या आतच बंद पडला, तर माणूस वैतागणारच. मात्र या तक्रारींत काही दोष खरोखर सेन्सरचे असतात, काही लावण्यातल्या चुका असतात आणि काही वेळा सेन्सर बरोबरच चाललेला असतो. कुठली तक्रार कुठल्या गटातली हे ओळखता आलं, तर पैसे वाचतात आणि चुकीचा इन्सुलिनचा डोसही टळतो.

सेन्सरची चकती ३५ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची. तिच्या पोटातून निघालेला साधारण ५ मिलिमीटरचा लवचिक तंतू कातडीखाली बसतो. त्यावरचं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतं. रक्तातली नाही. रक्तातली साखर त्या द्रवात पोहोचायला पाच ते दहा मिनिटं लागतात. जेवणानंतर साखर (डेसिलिटरमागे) मिनिटाला २ मिलिग्रॅमने चढत असेल, तर दहा मिनिटांत २० चा फरक पडला. बोटाची स्ट्रिप १८० दाखवते आणि सेन्सर १६० दाखवतो, तेव्हा दोघंही बरोबर असू शकतात. साखर उतरताना हेच उलटं होतं, आणि धोका तिथे आहे: सेन्सर ८५ म्हणत असताना रक्तात ६५ असू शकते.

ग्लुकोमीटरलाही सूट दिलेली आहे हे बरेच जण विसरतात. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० आणि त्यावरच्या साखरेला १५ टक्के, आणि त्याखाली १५ मिलिग्रॅम इतका फरक मान्य आहे, आणि तोही शंभरातल्या ९५ रीडिंगांपुरता. खरी साखर १५० असेल तर १२८ दाखवणारं मीटरही पास आणि १७२ दाखवणारंही पास. लिब्रेच्या पहिल्या आवृत्तीचा सरासरी फरक चाचण्यांत ११.४ टक्के आला होता. लिब्रे २ मध्ये तो दहाच्या आत आला, लिब्रे ३ मध्ये आठच्या आत. ही सरासरी आहे. अमुक एका सेन्सरची हमी नव्हे.

म्हणून पडताळणी करायची तर नीट करा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या किंवा गुळाला लागलेल्या बोटातून रक्त घेतलं तर मीटर भलताच आकडा देतो आणि नाव सेन्सरचं खराब होतं. ॲपमधला बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असेल तेव्हाच, उपाशीपोटी किंवा जेवणाच्या आधी तपासा. बाण सरळ वर किंवा सरळ खाली असेल तर साखर मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने बदलते आहे. त्या वेळच्या तुलनेला अर्थ नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. १०० च्या खाली २० मिलिग्रॅमपर्यंत आणि वर २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घ्यावा. आडवा बाण असताना वेगवेगळ्या वेळी तीनदा याहून जास्त फरक आला, तर मात्र सेन्सरवर शंका घ्यायला जागा आहे.

ही पडताळणी पहिल्या दिवशी करू नका. तंतू शिरल्यावर तिथे बारीकशी जखम होते, सूज येते, आणि ती निवळेपर्यंत आकडे डोलतात, बहुतेकदा खालच्या बाजूला. ॲप ६० मिनिटांनी रीडिंग देऊ लागतं, पण अमेरिकेत १४ दिवसांच्या आवृत्तीला मंजुरी मिळाली तेव्हा पहिल्या १२ तासांच्या आकड्यांवर उपचार ठरवू नयेत अशी अट होती. इथेही तेच पाळावं. सोपा उपाय म्हणजे सेन्सर संध्याकाळी लावायचा आणि त्या रात्रीपुरती भिस्त बोटाच्या स्ट्रिपवर ठेवायची.

रात्रीच्या खोट्या हायपोची, म्हणजे साखर फार उतरल्याची तक्रार सर्वात जास्त ऐकू येते. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जातो, तिथला द्रव बाजूला सरतो आणि आकडा ६० किंवा ५० वर कोसळतो. आलेख बघितला तर हे ओळखू येतं: सरळ चाललेली रेघ एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते आणि कूस बदलली की तितक्याच वेगाने वर येते. खरा हायपो सहसा उतारावरून हळूहळू येतो. अशा वेळी स्ट्रिपने तपासल्याशिवाय साखर खाऊ घातली तर सकाळी २५० दिसणार. पण घाम, थरथर, गोंधळलेपणा अशी लक्षणं असतील तर तपासत बसू नका, आधी १५ ग्रॅम ग्लुकोज द्या. घरात ग्लुकोज नसेल तर तीन चमचे साखर पाण्यातून. त्यानंतर १५ मिनिटांनी बोटच टोचा. सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा उशिरा बदलत असल्यामुळे तो अजून कमीच दाखवत राहतो, आणि तेवढ्यावरून साखरेचा दुसरा, तिसरा डोस दिला जातो.

आता लावण्याबद्दल. खोक्यात सेन्सर पॅक आणि ॲप्लिकेटर वेगवेगळे येतात. दोघांवरचा कोड जुळला पाहिजे. दोन सेन्सर एकदम घेतले की इथेच अदलाबदल होते. दंड साध्या साबणाने धुवा. मॉइश्चरायझर असलेला साबण नको, तेल नको, पावडर नको. अल्कोहोल वाइपने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, फुंकर घालू नका. तीळ, व्रण, गाठ आणि इन्सुलिन टोचण्याची जागा सोडून, त्यांच्यापासून किमान एक इंच लांब. पॅक सपाट टेबलावर ठेवून ॲप्लिकेटरची खूण जुळवा, घट्ट दाबा, उचला, आणि दंडावर एका दमात दाबून काही सेकंद धरा. बाहेरच्या बाजूला सरकलेली जागा दारात आपटते, आतली बगलेत घासते.

साडी नेसणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. घट्ट बाहीचा ब्लाउज कोपराच्या वरपर्यंत असेल तर बाहीची कड नेमकी चकतीवर बसते आणि काढताना सेन्सर उचकटून निघतो. एरवीही दाब पडून आकडे कमी येतात. बाही सैल ठेवा किंवा सेन्सर बाहीच्या कडेपासून दोन बोटं वर लावा. लोकलमध्ये पाठपिशवीचा पट्टा चढवताना-उतरवताना तोच प्रकार घडतो.

चिकटपणा हा आपल्या हवेत कमकुवत दुवा आहे. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत आठव्या-नवव्या दिवशी कडा सुटू लागतात. वरून चिकटपट्टी लावायची तर पहिल्याच दिवशी लावा, आणि मधलं बारीक छिद्र झाकू नका. चकती एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं तग धरते, तेव्हा आंघोळीची भीती नाही, पण दिवाळीचं अभ्यंग करताना तेलाचा हात दंडाला लागू देऊ नका. काढताना मात्र तेच खोबरेल कडेने सोडलं की कातडी न ओढता पॅच निघतो. खाली लाल चट्टा, पाणी भरलेले फोड दिसले तर ती चिकटद्रव्याची ॲलर्जी असू शकते. सुरुवातीच्या काळातल्या लिब्रेमध्ये आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या रसायनामुळे अशी ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दुसरा सेन्सर लावू नये.

सेन्सर वापरण्याची हद्द १० ते ४५ अंश सेल्सिअस. साठवणुकीची हद्द त्याहून बरीच कमी असते. ती खोक्यावर थर्मामीटरच्या चिन्हाशेजारी छापलेली असते. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेलं पाकीट घेण्यापेक्षा थंड जागेत माल ठेवणाऱ्या मेडिकलमधून घेतलेलं बरं. एन्झाइम उष्णतेने मंदावतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. परदेशातून नातेवाइकाने आणलेला सेन्सर इथल्या ॲपवर चालेलच असं धरून चालू नका.

औषधांपैकी व्हिटॅमिन सी लक्षात ठेवा. दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर लिब्रे २ साखर खोटीच जास्त दाखवू शकतो, आणि आपल्याकडची चघळायची एकेक गोळीच ५०० ची असते. खोट्या जास्त आकड्यावर इन्सुलिन वाढवणं ही या सगळ्यातली सर्वात घातक चूक. पॅरासिटॅमॉलची अडचण लिब्रेला नाही. ती मेडट्रॉनिकचा गार्डियन आणि डेक्सकॉम या दुसऱ्या कंपन्यांच्या सेन्सरना ठरावीक डोसच्या वर असते. अंगातलं पाणी फार कमी झालं तरी आकडे बिघडतात. हरतालिकेचा निर्जळी उपवास किंवा उलट्या-जुलाब असताना स्ट्रिप वापरा. एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या आधी सेन्सर काढावा लागू शकतो, म्हणून तपासणीची तारीख बघूनच नवा लावा.

पहिल्या लिब्रेची एक मर्यादा खरेदीआधीच समजून घ्यावी: त्याला अलार्म नाही. तो फक्त शेवटच्या आठ तासांची नोंद साठवतो. रात्री दहाला स्कॅन करून सकाळी सातला केलं, तर एक तास कायमचा गेला. ज्यांना हायपो जाणवत नाही, त्यांनी आणि लहान मुलांच्या आईवडिलांनी हा घेऊ नये, ब्लूटूथ आणि अलार्म असलेलाच घ्यावा. लिब्रे २ प्लस तसा आहे आणि १५ दिवस चालतो. मात्र फोनचा बॅटरी सेव्हर ॲपला मागे बंद करतो आणि अलार्म वाजतच नाही. ती परवानगी सेटिंगमध्ये जाऊन आधी द्या. स्कॅन होत नसेल तर फोनमधलं एनएफसी (जवळून स्कॅन करण्याची सोय) चालू आहे का बघा, जाड किंवा चुंबकवालं कव्हर काढा. आयफोनची वरची कड चकतीला टेकवायची, अँड्रॉइडची पाठ.

सेन्सरचाच दोष असतो तेव्हा तो किती गंभीर असू शकतो, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसलं. लिब्रे ३ आणि लिब्रे ३ प्लसचे काही सेन्सर खोटी कमी साखर दाखवू शकतात, असं ॲबटनेच जाहीर केलं. एका उत्पादन लाइनवरचे, एकट्या अमेरिकेत सुमारे ३० लाख सेन्सर त्यात होते. जगभरातून ७३६ गंभीर घटना आणि या दोषाशी संबंध असू शकणारे सात मृत्यू नोंदले गेले. आकडा कमी दिसतो म्हणून माणूस गोड खातो, इन्सुलिन टाळतो, आणि रक्तातली साखर चढतच जाते. अमेरिकेतल्या नातलगांकडे हे मॉडेल असेल तर सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासायला सांगा. बाधित सेन्सर मोफत बदलून मिळतो.

आपल्याकडे तक्रार करायची तर सेन्सर कचऱ्यात टाकू नका. तो परत मागितला जाऊ शकतो. खोक्याचा लॉट नंबर, ॲपमधला सिरियल नंबर, 'सेन्सर बदला' या संदेशाचा स्क्रीनशॉट, मीटर आणि सेन्सरचे एकाच वेळचे फोटो, आणि पक्कं बिल. एवढं हाती असलं की ग्राहक सेवेचं बोलणं सोपं होतं. 'दहा मिनिटांनी पुन्हा पाहा' हा संदेश दोष नव्हे. तो तासन्‌तास हटत नसेल तर दोष. आकड्यामुळे कुणाला प्रत्यक्ष इजा झाली असेल, तर केवळ बदली सेन्सर घेऊन गप्प बसू नका. भारतात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवण्याचा कार्यक्रम आहे, गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतो, आणि उपकरणांमुळे झालेल्या घटना रुग्णालाही तिथे कळवता येतात. डॉक्टरांना फॉर्म भरायला मदत मागा.

घ्यावा का? दिवसातून तीन-चारदा इन्सुलिन घेणाऱ्यांनी परवडत असेल तर सलग घ्यावा, सोबत ५० स्ट्रिपची डबी ठेवावी. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्यांना तीन महिन्यांतून एक सेन्सर पुरतो. त्या १४ दिवसांत पोहे, भाकरी, भात, उपवासाची साबुदाण्याची खिचडी हे सगळं नेहमीसारखं खाऊन आलेख डॉक्टरांना दाखवावा. अहवालाचा उपयोग व्हायचा तर किमान ७० टक्के वेळेची नोंद हवी, म्हणून स्कॅन चुकवू नका.