४१,३०० रुपयांचं ईजीएफ मागवलं, बाटलीत निघालं गाईचं अल्ब्युमिन

रागाने अजून हात थरथरतात, म्हणून आधी आकडेच सांगते. मालाचे ३३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,९४०, झाले ३८,९४०. वर ‘कोल्ड चेन’च्या नावाखाली २,३६०. एकूण ४१,३०० रुपये. हे पैसे कॉलेजचे नव्हते, कुठल्या प्रोजेक्टचे नव्हते, माझे होते. फेलोशिप अडकलेली, आणि तीन कोटेशनं मागवून खरेदी समितीच्या सह्या होईपर्यंत पेशी काही थांबत नाहीत. आईकडून उसने घेतले आणि भरले.

मागवलं होतं एक मिलीग्रॅम रिकॉम्बिनंट मानवी ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, त्वचेच्या पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन. जखम भरताना त्वचेच्या पेशी कशा सरकतात, हा माझा विषय. सोलापुरात शुगरच्या पेशंटच्या पायाची महिनोन् महिने न भरणारी जखम बघितली नाही असं घर सापडणं कठीण, म्हणूनच हा विषय घेतला. ईजीएफ म्हणजे अवघं ५३ अमिनो आम्लांचं प्रथिन, वजन साधारण ६ किलोडाल्टन (प्रथिनं मोजायचं एकक), तीन डायसल्फाइड बंधांनी घडी घट्ट धरून ठेवलेलं. माणसाचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून ते तयार करतात. पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीने येतात, एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात आणि निरोप रास, मेक, ईआरके या प्रथिनांच्या साखळीतून आत केंद्रकापर्यंत जातो. मग पेशी सरकतात, वाढतात, दुभंगतात. हे प्रथिन शोधणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली रिटा लेव्ही-मॉन्टालचिनींबरोबर नोबेल मिळालं. उंदराच्या पिल्लांना ते टोचलं की त्यांचे डोळे वेळेआधी उघडतात, हे त्यांना दिसलं होतं. मिलीलीटरला १० नॅनोग्रॅम पुरतं, इतकं ते तिखट. आणि नेमकं म्हणूनच यात फसवणं सोपं. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. हातात असतो फक्त सर्टिफिकेटचा कागद.

तो कागद मला विक्रेत्याकडून पैसे भरायच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला. शुद्धता ९७ टक्के, एण्डोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) मर्यादेत, लॉट नंबर, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. खाली जेलचा फोटो; जेलमध्ये प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होऊन पट्टे दिसतात. त्या फोटोतला पट्टा १७ किलोडाल्टनच्या खुणेशेजारी होता. १७! ईजीएफ ६ चं. १७ च्या आसपास एफजीएफ-२ हे दुसरं वाढीचं प्रथिन धावतं. दुसऱ्याच प्रथिनाचा फोटो कुठून तरी उचलून चिकटवला होता. तो पट्टा माझ्या डोळ्यांसमोर होता. मोबाइलच्या स्क्रीनवर, धुरकट, रात्री अकराला. पण मला सांगा, सर्टिफिकेटवर कोण काय बघतं? शुद्धतेचा आकडा बघतो, एक्सपायरी बघतो, पुढे जातो. वरिष्ठांनीसुद्धा तो कागद बघितला होता, ‘ठीक आहे, मागव’ म्हणाले होते. आता तो फोटो उघडला की जीव जळतो.

माल आला मे महिन्यात. सोलापूरचा मे काय असतो ते सांगायला नको. थर्माकोलच्या डब्यातले जेल पॅक पाण्यासारखे ढबढब हलत होते. बाटलीत पांढऱ्या भुकटीचा जाड थर. एक मिलीग्रॅम म्हणजे मिठाचे वीसेक कण, इथे तर तळ भरून होता! विक्रेत्याला फोन केला. समोरचा गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, स्टॅबिलिटीसाठी कॅरियर घातलाय.” म्हणजे प्रथिन टिकावं म्हणून मिसळलेलं दुसरं स्वस्त प्रथिन. आता हे अगदीच खोटं नाही. एका मायक्रोग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, घालून विकण्याची पद्धत खरोखर आहे. लेबलवर मात्र ‘कॅरियर-फ्री’ छापलेलं. मी विचारलं, तर म्हणाला, जुनं लेबल आहे. या धंद्यातली माहिती असलेला माणूसच असं उत्तर देऊ शकतो. भुरटा चोर नव्हता तो.

पेशी सरकल्या नाहीत. मी मीडिया (पेशींचं खाद्यद्रावण) बदलला, त्यात घालायचा नवा सीरम काढला, पेशींचा पॅसेज, म्हणजे पिढी, बदलला. सीरम काय फुकट येतो? शेवटी पुण्याच्या मैत्रिणीकडून थोडं खरं ईजीएफ आणलं, पेशी उपाशी ठेवल्या, दोन्ही दहा-दहा मिनिटं दिली आणि वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे ठरावीक प्रथिन अँटीबॉडीने शोधायची चाचणी, लावला. तिच्या ईजीएफच्या लेनमध्ये फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे निरोप पोचून फॉस्फेट चढलेल्या ईआरकेचा, काळाकुट्ट पट्टा. माझ्या लेनमध्ये काही नाही. मग लहान प्रथिनंही दिसतात असं ट्रायसिन जेल चालवलं. ६६ किलोडाल्टनला जाडजूड पट्टा, म्हणजे बीएसए. ६ ला जेल कोरं.

नवीन बाटली आली की आधी दहा मिनिटं ईजीएफ देऊन ही ईआरकेची चाचणी करा, मगच प्रयोगाला हात लावा.

पोलीस ठाण्यातला अनुभव लिहायचीही लाज वाटते. “प्रोटीन म्हणजे जिमवाली पावडर का?” मी समजावलं. “माल तर आला ना मॅडम? मग फसवणूक कसली, क्वालिटीचा वाद आहे, दिवाणीत जा.” एनसी (अदखलपात्र तक्रार) लिहून घेतली, तीही ‘पावडर खराब निघाली’ अशा शब्दांत! माझा जेलचा फोटो उलटा धरून बघितला आणि परत दिला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात उत्तर मिळालं, लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’ आहे, म्हणजे हे औषध नाही, आमच्याकडे येत नाही. ग्राहकांची तक्रार घेणाऱ्या ठिकाणी विचारलं, तुमचा वापर व्यावसायिक नाही हे सिद्ध करा. मग हे येतं तरी कुणाकडे? त्याच माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तीच बाटली ‘ग्लो सीरमसाठी ईजीएफ’ म्हणून ब्युटी पार्लरवाल्यांना दाखवली जातेय. उद्या कुणी ती शुगरच्या जखमेवर टाकली तर? मी हेही सांगितलं. “तसं काही झालं की या.” झाल्यावर या!

पार्लरवाल्या ताईंनो, डॉक्टरांनो, संशोधनाचा माल माणसाच्या अंगाला लावायचा नसतो, खरा असला तरी. जखमेसाठी ईजीएफचं परवानाधारक जेल मिळतं, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

बिलाचंही सांगते. पत्ता पुण्याचा, सीजीएसटी २,९७० आणि एसजीएसटी २,९७० असा फोडलेला, आणि जीएसटी नंबरची सुरुवात २४ ने. महाराष्ट्राचा कोड २७, गुजरातचा २४. नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याची फर्म निघाली. पैसे भरायच्या आधी हे बघा, एक मिनिट लागतं. यूपीआयवर फर्मऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. ‘कोल्ड चेन’चे २,३६० असेच एका माणसाच्या खात्यावर गेले. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माल यायची वाट बघू नका, कारण माल आला की कुणी तुमचं ऐकत नाही. लॉट नंबर मूळ कंपनीला मेल करून विचारा.

बाटली मी टाकलेली नाही. उणे २० ला ठेवली आहे, डबा आणि कुरिअरची पावती कपाटात. ज्यांच्याकडे १७ चा पट्टा असलेलं ईजीएफचं सर्टिफिकेट आलं असेल त्यांनीही काही टाकू नका. तीन-चार तक्रारी एकत्र गेल्या तर पोलिसांना ‘क्वालिटीचा वाद’ म्हणता येणार नाही.