कुजलेल्या कलेजीसाठी मण्यांचा होमोजिनायझर : ८ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात ब्लँकमध्ये, म्हणजे औषध न घातलेल्या कोऱ्या नमुन्यात, फेंटॅनिल या सिंथेटिक ओपिऑइडचा (अफूसारखं काम करणाऱ्या कृत्रिम औषधाचा) पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, आला. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) फेंटॅनिलचीच खूण: ३३७ वरून १८८, वेळही तंतोतंत तीच. त्या कलेजीत आम्ही औषध घातलंच नव्हतं.

आमची लॅब सांगलीत. आधी मी निर्यातीच्या द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश तपासायचे. तासगावची द्राक्षं मिक्सरमधून सरळ निघतात. कुजलेल्या मृतदेहांच्या ऊतीतून सिंथेटिक ओपिऑइड शोधायची मेथड बसवायला घेतली आणि कळलं, हे काम वेगळं. खाटकाकडची बकऱ्याची कलेजी डब्यात ७ दिवस ठेवली की काळपट रबडा होतो, पण शिरा-पडदे चिवटच राहतात. जुन्या प्रोबच्या (ऊती घुसळणाऱ्या फिरत्या पात्याच्या) दांड्याला ते गुंडाळले जायचे. दर नमुन्यानंतर चिमट्याने तंतू ओढत बसायचं, वर फेस आणि वास.

मण्यांच्या मशीनमध्ये मणी ट्यूबमध्येच ऊती चिरडून एकजीव करतात, सगळं बंद झाकणाआड. १ ग्रॅम ऊती, ४ मिली पाणी, स्टीलचे मणी आणि सुरुवातीलाच ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) फेंटॅनिल-डी५, मोजताना तुलनेसाठी. ३० सेकंद फिरवा, बर्फात ठेवा, परत ३० सेकंद. मग थंडगार ॲसिटोनायट्राइल घालून प्रथिनं खाली बसवा, सेंट्रिफ्यूज करा. पहिले ४ महिने मी भेटेल त्याला हेच मशीन घ्या, स्वस्तात पडतं म्हणून सांगत होते.

दर वेळी नवी ट्यूब, मणी, झाकण हा खर्च मात्र सोसवेना. खरी केस नाही, मेथडचंच काम, म्हणून ट्यूब नवी घेऊन मणी आणि झाकणं धुवून परत वापरली. पीक आल्यावर जुने मणी नव्या झाकणाबरोबर फिरवले: स्वच्छ. नवे मणी, जुनं झाकण: पीक हजर. झाकणातली रबरी रिंग सुईने उचकटली, तर खालच्या खाचेत तपकिरी कड. ती रिंग मिथेनॉलमध्ये रात्रभर ठेवली, त्यातही फेंटॅनिल. औषधच चरबीत मुरणारं, रबरात मुरलं तर नवल काय! डी५ मुळे वाया गेलेल्या औषधाचा हिशेब जुळतो. बाहेरून आलेलं औषध त्याला ओळखता येत नाही.

पुरवठादाराला फोन केला. "मॅडम, झाकण जरा जोरात आवळा." अहो, गळतंय कुठे? रिंग सुटी मिळत नाही, झाकणांचा अख्खा बॉक्सच घ्यावा लागतो. रबर कोणतं, पाकिटावर लिहिलेलं नाही. याचा मला खरंच संताप आहे. ओपिऑइडच्या मृत्यूच्या प्रकरणात ग्रॅममागे काही नॅनोग्रॅमच औषध सापडू शकतं. तेवढ्यावरून मृत्यूचं कारण लिहिलं जातं, घरचे लोक त्या कागदाची वाट बघत असतात.

मशीन अजूनही घ्या म्हणेन. पण 'स्वस्तात पडतं' म्हणाले होते, ते मागे घेते. झाकण एकदाच वापरायचं आणि दर ५ नमुन्यांमागे एक ब्लँक, हे धरून खर्च काढा. आमच्याकडच्या वापरलेल्या ४० रिंगा काल काढून टाकल्या. रिंग सुटी द्या, असं पुरवठादाराला लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.