टॉर्क रेंच: साधा नवा घ्यावा की भारीतला जुना?

नट ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना म्हणजे टॉर्क रेंच. तो घेताना गाडीचं काम घरीच करणाऱ्यांचं बजेट साधारण एकाच ठिकाणी येऊन अडतं. तेवढ्या पैशात एक तर आपल्याकडचा नवाकोरा अर्धा इंची क्लिक टाइप (ठरवलेला जोर आला की ‘टक’ करणारा) येतो, नाहीतर जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या सामानात नॉरबार, ब्रिटूल, स्टालविले अशा नावाजलेल्या परदेशी कंपनीचा एखादा सापडतो. मी दोन्ही वापरलेत, सध्या हाताशी असतो तो जुना स्टालविले मॅनोस्कोप ७३०.

नव्याचं आधी बोलू. त्याला पाइप लावून कोणी गंजलेले नट सोडवलेले नाहीत याची खात्री असते, वॉरंटी असते. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकात एवढ्या मोठ्या रेंचला ±४ टक्के फरक चालतो आणि नवा रेंच सहसा तेवढ्यात बसतो, त्यामुळे अचूकतेवरून त्याला नावं ठेवणार नाही. कधीमधी चाकं काढणाऱ्याला तो पुरे.

माझं बिनसलं ते स्प्रिंगवरून. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि हळूहळू आकडा हलतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हात ग्रीसने माखलेले, मूठ घसरतेय, खालचा लॉक ढिला करून गोल गोल फिरवत खाली यायचं, पुढच्या वेळी परत वर चढायचं, आणि नळीवरची बारीक रेष मुठीवरच्या शून्याशी जुळली का हे पार्किंगच्या अंधुक उजेडात मान वाकडी करून बघायचं. त्यात ब्रेकच्या कामात कॅलिपरचा आकडा वेगळा, चाकाच्या नटचा वेगळा, म्हणजे हे सगळं पुन्हा. मला त्याचा खरंच वैताग आला.

मॅनोस्कोपमध्ये ती भानगडच नाही. आत वाकणारा दांडा असतो, त्यावर ताण येतो तो फक्त नट आवळताना, म्हणून सेटिंग आहे तिथेच ठेवलं तरी चालतं. आकडा खिडकीत सरळ दिसतो. आणि ‘टक’ हाताला इतकं स्पष्ट लागतं की शेजारी पंप चालू असला तरी चुकत नाही.

अर्थात जुना डोळे झाकून घेऊ नका. मुठीवर पाइपाचे वळ, चौकोनी ड्राइव्हच्या (सॉकेट बसतो त्या टोकाच्या) कडा गोल झालेल्या, रॅचेट मध्येच सटकतोय, असं दिसलं तर सोडून द्या. बाकी ठीक असेल तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट, म्हणजे आकडे तपासून जुळवून घ्या, तो खर्च किमतीतच धरा, आणि ४०-२०० न्यूटन मीटरचा (न्यूटन मीटर हे टॉर्कचं एकक) असेल तर कमाल आकड्याच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवरचे आकडे लेखी मागा. पुढे नव्यालाही वर्षाने किंवा ५००० वेळा वापरल्यावर लॅब चुकत नाहीच.

स्पार्क प्लग, ड्रेन बोल्ट यांना मात्र हा अर्धा इंची रेंच वापरू नका, ॲल्युमिनियममधले आटे गेले की काम वाढतं. त्याला छोट्या ड्राइव्हचा वेगळा लागतो, आणि तो मी तरी नवाच घेईन. जुन्यात कधी कधी स्केल नुसतं फूट-पाउंडात असतं, १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, दर नटला गुणाकार करत बसायचं नसेल तर दोन्ही स्केलचा मिळेपर्यंत थांबा.