साउंडबार, बुकशेल्फ की टॉवर? बिनमाईकच्या वाद्यांशी तुलना

घरी संगीत ऐकायला या तीनपैकी कोणता स्पीकर खऱ्या वाद्याच्या सर्वांत जवळ जातो? आधी कसोटी ठरवू. माईक-लाउडस्पीकरवर झालेला कार्यक्रम बाद, कारण तिथेही आपण स्पीकरच ऐकत असतो आणि तो बऱ्याचदा घरच्यापेक्षा खराब लावलेला असतो. तुलना करायची ती बिनमाईकच्या आवाजाशी: काही फुटांवर वाजणारा तबला, पियानो, व्हायोलिन, मोकळा गळा.

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट स्पीकरपट्टी, या शर्यतीतून लगेच बाहेर पडतो. ड्रायव्हर (आवाज काढणारे कोन) अगदी लहान, डावं-उजवं जेमतेम मीटरभरात, आणि आवाज वाढवला की आतलं प्रोसेसिंग जोराचे ठोके दाबून टाकतं. सिनेमातले संवाद ऐकायला ठीक आहे.

साडेसहा इंची वूफरच्या (खालचे सूर काढणारा मोठा कोन) बुकशेल्फची, म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर ठेवायच्या लहान स्पीकरची, चांगली जोडी मात्र गळा आणि व्हायोलिनच्या बाबतीत खऱ्याच्या बरीच जवळ जाते. तानपुऱ्याची जवारी लावून बघा. तार छेडली की वरचे स्वर एकामागून एक उमलत जायला हवेत; ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा ड्रायव्हर) कर्कश असेल तर त्याजागी एकसुरी झणझण ऐकू येते. बारकाव्यांत हे स्पीकर सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतात ते जोरात, आणि हा हिशोब विकत घेताना फारसं कुणी करत नाही.

समजा स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर तेवढा आवाज. ३ मीटरवर बसलात तर, खोलीची थोडी मदत धरून, दोन्ही स्पीकर मिळून ८२-८३ उरतात. एरवीच्या ऐकण्याला एक वॉटही पुरतो. पण पियानोच्या किंवा तबल्याच्या ठोक्याचं शिखर १०० डेसिबलला भिडवायचं तर प्रत्येक स्पीकरला ५०-६० वॉट लागतात, आणि त्यापुढच्या दर ३ डेसिबलला दुप्पट. ३० वॉटचा अँप्लिफायर इथे लाटेचं डोकं सपाट कापतो. ठोका टणक आणि चिरका येतो, आणि दोष स्पीकरला दिला जातो.

वूफरचीही मर्यादा आहेच. तेवढ्याच जोराने एक सप्तक खाली वाजवायचं तर कोनला चौपट पुढेमागे व्हावं लागतं. त्यामुळे असा वूफर ५० हर्ट्झच्या आसपास हात टेकतो. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, पियानोची २७.५.

मग टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, घ्यावेत का? मोठ्या खोलीत जरूर. दोन-तीन वूफर असल्याने ठोका मोकळा येतो. पण ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास खोलीच घुमू लागते, आणि डबल बासची चाल खाली उतरता उतरता एका सुरावर अचानक फुगते. शिवाय गायक नेमका मधोमध ऐकू येतो ती जागा आणि बास सरळ येतो ती जागा क्वचितच एक असते. टॉवरमध्ये दोन्ही एकाच खोक्यात अडकलेले. म्हणून लहान-मध्यम खोलीसाठी आमची पसंती बुकशेल्फ आणि वेगळा सबवूफर (फक्त खर्जासाठीचा स्पीकर), तोही बंद खोक्याचा मिळाला तर उत्तम.

जुळवणी अशी. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवा, बासचे चढ-उतार असलेला तुकडा लावा आणि भिंतीलगत गुडघ्यांवर फिरत ऐका (दिसायला हास्यास्पद, पण उपयोगी). सगळे खालचे स्वर सारख्या वजनाने येतात तिथे सबवूफर हलवा. क्रॉसओव्हर (सबवूफर आणि बुकशेल्फ यांच्यात सूर वाटून देणारी सीमा) ८० हर्ट्झवर, आणि बुकशेल्फकडे जाणारा त्याखालचा भाग कापलेला हवा. हे राहिलं तर वूफरवरचा ताण तसाच राहतो. मग ८० हर्ट्झचा सूर लावून सबवूफरवरचं फेजचं बटण (त्याची लाट सुलटी की उलटी हे ठरवणारं) ० आणि १८० करून बघा, ज्यात आवाज जास्त येतो तो ठेवा. सबवूफर कुठे आहे हे कानाला कळलं तर तो जास्त वाढवलाय.

बुकशेल्फचं तोंड मागच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर आलं तर भिंतीवरून परतलेली लाट १०० हर्ट्झच्या आसपास उलटी भेटते आणि तिथला आवाज पोकळ होतो. थोडं पुढेमागे सरकवून ऐका. मागे पोर्ट (हवेसाठीचं भोक) असलेलं खोकं भिंतीला खेटवावंच लागलं तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला.

१९६०च्या दशकात अकूस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाला मंचावर बसवून वादन मध्येच आपल्या एआर-३ स्पीकरवरच्या रेकॉर्डिंगकडे वळवलं होतं. वादक नुसते गज फिरवत राहिले आणि अनेकांना फरक कळला नाही. पण चार तंतुवाद्यांचा आवाज आवाक्यातला असतो, आणि गुंज सभागृहच देत होतं. घरी ती सोय नाही. चांगल्या संगीतसभागृहात नाद सुमारे २ सेकंद रेंगाळतो आणि चहूबाजूंनी येतो. घरी अर्ध्या सेकंदाच्या आत विरतो, आणि रेकॉर्डिंगमधली गुंज फक्त समोरून येते. दोन स्पीकर कितीही महाग असले तरी ही दरी बुजत नाही.

सीडीचा १६ बिटचा आवाका ९६ डेसिबलचा, घरातल्या शांततेपासून जोराच्या ठोक्यापर्यंतच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा. तेव्हा हाय-रेझ (सीडीहून बारीक नोंदीच्या) फायली, डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत संकेत करणारं यंत्र) आणि केबल यांवरचा खर्च सगळ्यात शेवटी. मास्टरिंगमध्येच (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात) ठोके दाबलेले असतील तर तोही वाया. दुकानात ऐकताना एकट्या वाद्याचं रेकॉर्डिंग लावा आणि आवाज त्या वाद्याइतकाच ठेवा. हळू लावलं की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आणि चांगला स्पीकरही किरटा वाटतो.